तरंग कापतो कोण? गिटारच्या पेडलांची बॅटरी आणि नादाचे श्रेय

विजेच्या गिटारचा नाद बदलण्यासाठी वादक पायाशी ज्या लहान पत्र्याच्या पेट्या ठेवतात त्यांना पेडल म्हणतात. त्यांपैकी सर्वांत जास्त वापरले जाते ते डिस्टॉर्शनचे पेडल. गिटारचा स्वच्छ स्वर आत शिरतो आणि खरखरीत, भरदार, लांबत जाणारा होऊन बाहेर पडतो. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांतही हा नाद आता ऐकू येतो. या पेडलांना वीज कशी द्यावी याबद्दल वादकांच्या जगात काही समजुती पक्क्या आहेत. अ‍ॅडॉप्टरपेक्षा बॅटरीवर नाद गोड येतो, ही पहिली. संपत आलेली साधी जस्त-कार्बनची बॅटरी सर्वांत गोड, ही दुसरी. नऊऐवजी अठरा व्होल्ट दिले की नाद मोकळा होतो, ही तिसरी.

या समजुतींची येथे तपासणी करायची आहे. त्या हसण्यावारी न्याव्यात असे आम्हाला वाटत नाही, कारण त्या रोज कान लावून ऐकणाऱ्यांच्या आहेत. पण ऐकू आलेला फरक ही एक गोष्ट आणि त्या फरकाचे सांगितलेले कारण ही दुसरी. या दोहोंची गल्लत झाली की वस्तूला भलतेच श्रेय मिळते. दुसऱ्या बाजूने आमचा आक्षेप आपल्या शिकवण्याच्या पद्धतीवरही आहे. ट्रान्झिस्टर विवर्धक शिकवताना आपण वीजपुरवठा दाखवतो तो आकृतीच्या वर काढलेल्या एका बाणाने, आणि तरंगाची विकृती उरकतो ती 'टाळावयाचा दोष' एवढ्या एका वाक्यात. गिटार वाजवणारा विद्यार्थी जेव्हा विचारतो की बॅटरीने नाद बदलतो का, तेव्हा त्या बाणातून त्याला उत्तर मिळत नाही.

दोषाचा अलंकार

विकृतीचा नाद आधी अपघाताने आला. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ सालच्या 'डोन्ट वरी' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात यंत्रणेतल्या एका बिघडलेल्या भागामुळे ग्रेडी मार्टिन यांच्या वादनाचा नाद फाटला. तो नाद गाण्यात तसाच ठेवला गेला. ध्वनिमुद्रण करणारे अभियंते ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच परिणाम ट्रान्झिस्टरांनी मुद्दाम घडवून आणला, आणि १९६२ मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' हे पेडल बाजारात आले. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन' या गाण्याने हा नाद जगभर नेला. त्या पेडलात दीड व्होल्टचे दोन सेल होते, म्हणजे एकूण तीन व्होल्ट. जास्त व्होल्ट म्हणजे जास्त चांगला नाद, असे मानणाऱ्यांनी ही नोंद लक्षात ठेवावी.

नाद फाटतो म्हणजे काय होते? गिटारच्या तारांखाली चुंबक आणि त्याभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. पोलादी तार हलली की वेढ्यांत काही दशांश व्होल्टचा बदलता दाब निर्माण होतो. पेडल तो अनेक पटींनी वाढवते आणि एका मर्यादेपाशी कापते. गोल माथ्याच्या तरंगाचा माथा सपाट होतो. सपाट माथ्याचा तरंग म्हणजे मूळ वारंवारता आणि तिच्या पटीतल्या अनेक वारंवारता यांची बेरीज. या पटीतल्या वारंवारतांना आपण उपस्वर म्हणू. वरची आणि खालची बाजू सारखी कापली तर तिप्पट, पाचपट, सातपट असे विषम उपस्वर वाढतात. एक बाजू जास्त कापली तर दुप्पट, चौपट असे सम उपस्वरही येतात. दोन पेडलांच्या नादातला फरक मोठ्या प्रमाणात याच हिशोबातून निघतो.

तेव्हा वीजपुरवठ्याचा नादावर परिणाम होतो का, या प्रश्नाला एकच सरसकट उत्तर नाही. आधी विचारायला हवे: या पेडलात तरंग कापतो कोण?

बॅटरीचा हिशोब

१९६६ साली लंडनमध्ये निघालेले 'फझ फेस' हे पेडल घेऊ. जिमी हेंड्रिक्समुळे ते प्रसिद्ध झाले. त्यात जर्मेनियमचे दोन ट्रान्झिस्टर, मोजके रोध व कपॅसिटर आणि ९ व्होल्टची एक बॅटरी, एवढाच कारभार आहे. येथे तरंग कापायला वेगळा भाग नाही. ट्रान्झिस्टर एका टोकाला पूर्ण बंद होतो आणि दुसऱ्या टोकाला पूर्ण उघडतो, त्या दोन टोकांवर तरंग आपटतो. ही टोके पुरवठ्याच्या दाबाने ठरतात. म्हणून अशा मंडलात बॅटरीचा दाब हा नादाचाच एक घटक आहे. ९ व्होल्टचे ७ झाले की ट्रान्झिस्टरची विश्रांतीची पातळी मध्यापासून सरकते, तरंगाची एक बाजू आधी कापली जाते आणि सम-विषम उपस्वरांचे प्रमाण बदलते. संपत आलेल्या बॅटरीवर नाद निराळा लागतो हे वादकांचे निरीक्षण येथे खरे आहे.

मात्र त्याचे जे कारण नेहमी सांगितले जाते ते टिकत नाही. जस्त-कार्बनच्या बॅटरीचा अंतर्गत रोध जास्त असतो, म्हणून जोरात तार छेडली की दाब क्षणभर दबतो आणि नाद मऊ होतो, असे म्हणतात. आकडे घालून पाहू. फझ फेसचे दोन्ही ट्रान्झिस्टर मिळून एक मिलिअँपिअरसुद्धा प्रवाह घेत नाहीत. बऱ्या अवस्थेतल्या बॅटरीचा अंतर्गत रोध ५० ओहम धरला तरी दाबातली घट ०.००१ गुणिले ५० म्हणजे ०.०५ व्होल्ट. नऊ व्होल्टांपुढे ती नगण्य आहे. याच मार्गाने दाब २ व्होल्टनी खाली यायचा असेल तर अंतर्गत रोध २००० ओहम हवा, आणि असा रोध असलेली बॅटरी फेकून देण्याच्याच लायकीची असते. फरक पडतो तो कमी झालेल्या दाबाने. बॅटरीच्या आवरणावरचे नाव किंवा आतले रसायन त्यात थेट कामगिरी बजावत नाही. दाब कमी-जास्त करता येणाऱ्या पुरवठ्याने ७ व्होल्ट दिले तर तोच नाद मिळायला हवा. पेडलांसाठी मिळणाऱ्या काही वीजपेट्यांत दाब मुद्दाम खाली आणणारे बटण असते ते याचसाठी.

एरिक जॉन्सन या अमेरिकी वादकाची ख्याती अशी की बॅटरीची बनावट बदलली तरी त्यांना ती नादातून ओळखू येते. अशा कानावर आम्ही अविश्वास दाखवणार नाही. पण ही परीक्षा घ्यायची तर दोन्ही बॅटऱ्यांचा दाब आधी मोजून सारखा करावा लागेल, आणि ऐकणाऱ्याला कोणती बॅटरी जोडली आहे ते कळता कामा नये. खोलीचे तापमानही सारखे हवे. जर्मेनियमच्या ट्रान्झिस्टरातला गळतीचा प्रवाह सुमारे दहा अंश सेल्सिअसला दुप्पट होतो. सकाळी २० अंशांवर लागलेला नाद दुपारी ३५ अंशांवर बदलला तर त्याचा दोष बॅटरीला देणे अन्यायाचे होईल.

अठरा व्होल्टांचा मोकळेपणा

आता दुसऱ्या प्रकारचे पेडल घेऊ. १९७० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये निघालेल्या 'ट्यूब स्क्रीमर'मध्ये ऑप-अ‍ॅम्पने विवर्धन होते आणि तरंग कापण्याचे काम सिलिकॉनचे दोन डायोड करतात. सिलिकॉनचा डायोड सुमारे ०.६ व्होल्टला वाहू लागतो. त्यामुळे विवर्धित भाग दोन्ही बाजूंना साधारण तेवढ्यावरच थांबतो. त्यात गिटारकडून येणारे काही दशांश व्होल्ट मिळवले तरी ऑप-अ‍ॅम्पचा तरंग एक-दीड व्होल्टच्या पलीकडे सहसा जात नाही. नऊ व्होल्टच्या पुरवठ्यावर त्याला दोन्हीकडे तीन-साडेतीन व्होल्टची मोकळी जागा आधीच आहे. तिथे अठरा व्होल्ट देणे म्हणजे दहा फूट उंचीच्या खोलीत बसणाऱ्यासाठी छत वीस फुटांवर नेण्यासारखे आहे. कापणारा डायोड जागचा हललेला नाही, मग नाद मोकळा कसा होणार?

अठरा व्होल्टांचा उपयोग होतो तो नुसते विवर्धन करणाऱ्या, तरंग न कापणाऱ्या पेडलांत. तिथे मोकळी जागा खरोखर दुप्पट होते. पण अनेक पेडलांतले कपॅसिटर १६ व्होल्टचे असतात. निर्मात्याने परवानगी दिल्याशिवाय अठरा व्होल्ट जोडणे हे पेडल जाळण्याचे निमंत्रण ठरते.

अ‍ॅडॉप्टरवरचा आरोप

बॅटरी गोड लागण्यामागे एक कारण मात्र पूर्ण खरे आहे. ते बॅटरीच्या गुणापेक्षा स्वस्त अ‍ॅडॉप्टरच्या दोषात आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. पूर्ण एकदिशीकरणानंतर दाबात १०० हर्ट्झची लहर उरते. १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि १०० मिलिअँपिअर प्रवाह घेतला, तर ती लहर जवळजवळ एक व्होल्टची असते. गिटारचा मूळ संकेतच काही दशांश व्होल्टचा, आणि पेडल तो शंभरपट वाढवण्याच्या तयारीत. या लहरीचा थोडासा अंश जरी संकेतात शिरला तरी घूं असा आवाज कायमचा मागे लागतो. दाब स्थिर करणारी साधी ७८०९ ही चिप मध्ये घातली तर लहर साधारण हजारपट कमी होते. म्हणजे आरोप 'अ‍ॅडॉप्टर'वर नसून दाब स्थिर न करणाऱ्या अ‍ॅडॉप्टरवर आहे.

दुसरा दोष एकाच अ‍ॅडॉप्टरवर चार-पाच पेडले माळेसारखी जोडल्याने येतो. सर्वांचा परतीचा प्रवाह एकाच तारेतून जातो, आणि अंकीय पेडलातल्या घड्याळाची किरकिर शेजारच्या फझमध्ये शिरून मोठी होते. शिवाय जुन्या फझ फेसमध्ये बॅटरीचे धन टोक जमिनीला जोडलेले असते, तर आजच्या बहुतेक पेडलांत ऋण. एकाच माळेत दोन्ही ओवली की पुरवठा सरळ लघुपथित होतो. बॅटरी इथे जिंकते, कारण ती प्रत्येक पेडलाला इतरांपासून अलग ठेवते. प्रत्येक पेडलासाठी अलग, स्थिर दाब देणारी वीजपेटी हेच काम करते.

एकत्र कोण कापले जाते?

वीजपुरवठ्याबद्दल इतके बोलले जाते की नादाच्या गुणावर त्याहून खोल परिणाम करणारी गोष्ट मागे राहते. ती म्हणजे कापण्याआधी संकेत वाटून घेणे.

एकच स्वर कापला तर फक्त त्याचे उपस्वर निर्माण होतात. दोन स्वर एकत्र कापले तर त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर निघतात, जे मुळात कोणत्याच तारेवर नव्हते. सारख्या कापणीत यांतले महत्त्वाचे स्वर म्हणजे एका वारंवारतेच्या दुपटीतून दुसरी वजा केलेली. ११० हर्ट्झचा षड्ज आणि १६५ हर्ट्झचा पंचम घ्या. २२० वजा १६५ म्हणजे ५५. हा तर षड्जाखालचा षड्ज झाला! दुसरीकडून ३३० वजा ११० म्हणजे २२०, वरचा षड्ज. षड्ज-पंचमाची जोडी विकृतीत इतकी भक्कम का लागते याचे उत्तर या साध्या अंकगणितात आहे. गिटारचा पंचम समान अंतराच्या स्वरसप्तकामुळे १६४.८ हर्ट्झवर येतो, पण चूक एवढी थोडी की ती खटकत नाही.

आता षड्जाबरोबर गांधार घ्या. गिटारवर तो १३८.६ हर्ट्झवर येतो, नैसर्गिक गांधाराच्या १३७.५ पेक्षा चढा. २२० वजा १३८.६ म्हणजे ८१.४, आणि २७७.२ वजा ११० म्हणजे १६७.२. ८१.४ ची दुप्पट १६२.८. म्हणजे जे दोन नवे स्वर एकमेकांचे सप्तक व्हायला हवे होते त्यांच्यात सेकंदाला चारहून अधिक ठोके पडतात. असे अनेक बेसूर पाहुणे एकाच वेळी येतात आणि नाद चिखलासारखा होतो. कोणत्याही बॅटरीने हा चिखल निवळत नाही. स्वर एकत्र कापले जाऊ न देणे हाच त्यावर उपाय आहे.

हा उपाय तीन तऱ्हांनी केला जातो. पहिली तऱ्हा बासवादकांची. मंद्र भाग स्वच्छ ठेवायचा, वरचाच भाग विकृत करायचा आणि दोन्ही पुन्हा एकत्र आणायचे. 'द हू' या वाद्यवृंदाचे जॉन एन्टविसल यांनी मंद्र आणि तार भागांना वेगळे विवर्धक दिले. 'यस'चे ख्रिस स्क्वायर यांनी आपल्या गिटारच्या दोन पिकअपांचे संकेत वेगळे काढून त्यांना निराळी वागणूक दिली. दुसरी तऱ्हा वारंवारतेचे पट्टे पाडण्याची. क्रेग अँडर्टन यांच्या १९८० च्या दशकातल्या 'क्वाड्राफझ'मध्ये चार पट्टे स्वतंत्र कापले जात. तिसरी तऱ्हा प्रत्येक तारेला वेगळे पिकअप आणि वेगळी कापणी देण्याची. रोलँड कंपनीच्या १९८० च्या सुमाराच्या गिटार-सिंथेसायझरांत ती होती.

ट्यूब स्क्रीमरचे मर्मही येथेच आहे. त्यातला ४.७ किलोओहमचा रोध आणि ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मिळून सुमारे ७२० हर्ट्झची सीमा आखतात. तिच्या खाली विवर्धन उतरत जाते, त्यामुळे मंद्र स्वर कमी कापले जातात. शिवाय ऑप-अ‍ॅम्पच्या जोडणीमुळे कापलेल्या तरंगात मूळ न कापलेला तरंग आपोआप मिळवला जातो. म्हणजे संकेत वाटण्याची क्रिया त्या छोट्या पेटीत आधीच दडलेली आहे. त्या पेडलाच्या गोडव्याचे श्रेय बॅटरीला किंवा चिपवरच्या क्रमांकाला देणारे हे दोन पैशांचे भाग विसरतात.

तंबोऱ्याची साक्ष

आपल्या तंबोऱ्याची जवारी हीसुद्धा एक मुद्दाम घडवलेली विकृतीच. घोडीच्या रुंद, किंचित बाकदार माथ्यावर तार टेकत-सुटत कंप पावते आणि सुताचा दोरा ते टेकणे नेमके करतो. त्यातून उपस्वरांची दाटी होते. १९२१ मध्ये सी. व्ही. रामन यांनी तंबोरा व वीणा यांच्या घोडीच्या या करामतीवर शोधनिबंध लिहिला होता. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की प्रत्येक तारेचा दोरा वेगळा आहे. चारही तारांची जवारी स्वतंत्र होते आणि मगच त्यांचे नाद मिसळतात. म्हणून इतके उपस्वर असूनही तंबोरा चिखल करत नाही. मिरजेच्या कारागिराने तारेगणिक जवारी लावताना जे केले तेच प्रत्येक तारेला वेगळी कापणी देणाऱ्या गिटारने विजेच्या मार्गाने केले.

पण यावरून 'वाटून घेतले म्हणजे नाद चांगला' असा नवा मंत्र काढू नये. तारांची कापणी वेगळी केली की गांधार स्वच्छ होतो, पण षड्ज-पंचमाखालून येणारा तो ५५ हर्ट्झचा भारदस्त स्वरही नाहीसा होतो. गिटारची गुरगुर ज्यांना हवी आहे त्यांना असा नाद ऑर्गनसारखा सपाट वाटला तर नवल नाही. वाटणीलाही किंमत आहे. नुसती दुहेरी तार लावून संकेत दोन वाटांना दिला तर दोन्ही वाटांचा भार पिकअपवर पडतो. त्यातली एक वाट फझ फेससारखी कमी रोधाची असली तर दुसरीचाही नाद मंदावतो. एका वाटेत तरंग उलटा झाला तर पुन्हा जुळवताना मंद्र भाग एकमेकांना खोडून काढतो.

सर्वांत गंभीर धोका दोन विवर्धक जोडल्यावर येतो. दोघांच्या भूसंपर्कांचे कडे तयार होऊन घूं आवाज सुरू होतो, आणि तो घालवण्यासाठी कोणीतरी प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. हे कदापि करू नये. १९७२ साली स्वान्सी येथे लेस हार्वे हा गिटारवादक भूसंपर्क नसलेल्या मायक्रोफोनला स्पर्श होऊन रंगमंचावरच मृत्यू पावला. कडे तोडायचे ते संकेताच्या तारेत अलगीकरण करणारा ट्रान्सफॉर्मर घालून. भूसंपर्क तसाच राहिला पाहिजे. स्नेहसंमेलनाच्या आधी शिक्षकांनी प्लगांवर एक नजर टाकावी.

वर्गात करून पाहण्यासाठी

संगणकावर अशी ध्वनिफीत तयार करा की डाव्या वाहिनीत ४४० आणि उजव्या वाहिनीत ५५४ हर्ट्झचा स्वर असेल. हेडफोनच्या खाचेतून दोन्ही वाहिन्या बाहेर काढा. प्रत्येकीत एक किलोओहमचा रोध घाला आणि दोन्ही एका बिंदूत जोडा. तेथून जमिनीला जर्मेनियमचे दोन डायोड उलटसुलट लावा. त्या बिंदूवरचा संकेत छोट्या विवर्धकावर ऐका. दुसऱ्या वेळी प्रत्येक वाहिनीला आपापली डायोडांची जोडी द्या आणि कापून झाल्यावर दहा-दहा किलोओहमच्या रोधांतून दोन्ही एकत्र करा. भाग तेच, पुरवठा तोच. पहिल्या जोडणीत ८८० वजा ५५४ म्हणजे ३२६ हर्ट्झचा परका स्वर येईल. मोबाइलवरच्या वर्णपट दाखवणाऱ्या साधनात तो डोळ्यांनीही दिसेल. दुसऱ्या जोडणीत तो जवळजवळ नसेल.

या प्रयोगात बॅटरी कोठेच नाही, हे विद्यार्थ्यांच्या आपोआप लक्षात येईल. तरीही कोणी म्हणेल की आपल्या फझचा नाद बॅटरी जुनी झाल्यावर बदलतो. त्याला खोटे पाडू नये. त्याच्या हातात व्होल्टमापक द्यावे, आकृतीतल्या त्या बाणावर बोट ठेवावे आणि त्याच्या पेडलात तरंग कोण कापतो ते शोधून आणायला सांगावे.